लेहरा बंद मत करना

तेजस्विनीच्या पत्राला मधुकररावांनी उत्तर दिलंच नव्हतं. ती लहानपणी शिकायची त्या कथकच्या वर्गात ते पेटीवर लेहरा धरत. तीच एक ओळ, फिरून फिरून.

तिने लिहिलं होतं, "काका, गुरुजी मला आतल्या खोलीत न्यायचे तेव्हा पेटीवर तुम्हीच होतात. साक्ष द्याल ना?"

दार लावता लावता गुरुजी सांगत, "मधुकरजी, लेहरा बंद मत करना." बाहेर बसलेल्या आयांना वाटे, पोरगी नाचतेय.

पत्र आल्यापासून घरात घुंगरं वाजत. बायको म्हणे, "कुठली घुंगरं? टावर चौकातल्या डॉक्टरांना कान दाखवून या एकदा."

आज 'हो, देईन' एवढंच लिहून त्यांनी पाकीट देवास गेटच्या टपालाच्या डब्यात टाकलं.

डब्याच्या आत घुंगरं वाजली. आणि त्यांची बोटं डब्यावर लेहरा वाजवू लागली. थांबवली, तरी थांबेनात.