शपथेवर

शेरीफच्या माणसाने गाडीच्या बॉनेटवर कागद पसरला आणि एकेक प्रश्न वाचत गेला. घर हार्लनच्याच नावावर होतं. आतल्या माणसाला त्याने ते भाड्याने दिलेलं नव्हतं. फ्लोरिडात नवा कायदा आल्यापासून एवढ्यावर घुसखोराला त्याच दिवशी बाहेर काढता येत होतं, कोर्टाचे हेलपाटे नकोत. बायको गेल्यापासून रिकाम्या पडलेल्या या घरातून तिचं शिवणयंत्र गेलं होतं, मग नळ, आता भिंतीतल्या तारासुद्धा.

"शेवटचं विचारतो," शेरीफचा माणूस म्हणाला. "आत बसलाय तो तुमच्या रक्ताचा नाही ना? असेल तर मला त्याला हात लावता येणार नाही. आणि शपथेवर खोटं बोललात, तर तुम्हालाच तुरुंगात जावं लागेल."

"माझा कोणी नाही तो," हार्लन म्हणाला आणि त्याने सही केली.

शेरीफच्या माणसाने डेनीला बाहेर आणलं. नशेने गालफडं बसलेली, पण हनुवटीची खळी तीच, हार्लनची. तो माणूस दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

"काय रे, हे कोण तुझे?"

हार्लनने मान खाली घातली.

"कोणी नाही, साहेब," डेनी म्हणाला. "घर रिकामं दिसलं, शिरलो."

मग त्याने मागे वळून दार ओढलं. ते नेहमीसारखं अडलं, तेव्हा गुडघ्याने जरासं उचलून त्याने ते आवाज न करता लावलं. दुपारी आईचा डोळा लागला की लावायचा, अगदी तसंच.