साहेबांची दोन वाक्यं

भिंतीभिंतीवरच्या जाहिरातींतून अख्ख्या जगाला घराबाहेर काढणाऱ्या सहल कंपनीच्या साहेबांना स्वतःच्या पेंटरला मात्र चार दिवस फाटकाबाहेर सोडवत नव्हतं. परगावी लेकीची लेक तीन महिन्यांची झाली, तरी पेंटरकाकांनी तिला फोनवरच पाहिलेली. रजेचा तिसरा अर्जही परत आला आणि वर हुकूम सुटला, "काका, दारासमोरच्या भिंतीवर माझं वाक्य ठसठशीत काढा. 'बॅग भरा, निघा, आयुष्य वाट पाहतंय!' आणि खाली माझं नाव."

काकांनी वाक्य काढलं, पण हात काही थांबेना. त्याच ठसठशीत अक्षरांत त्यांनी खाली रजेच्या अर्जावरचा साहेबांचा शेराही उतरवला, 'जाऊन काय करणार? रजा नामंजूर.'

साहेब आले, तेव्हा ब्रश ओलाच होता.


"साहेब, दोन्ही वाक्यं तुमचीच. नाव कोणत्याखाली काढू? बोला!"