पाहुण्यांसमोरचं औषध

१९६९ साली कुमुदआत्याला बघायला चिपळूणहून पाहुणे आले, तेव्हा मी सात वर्षांची होते आणि मला फिट यायच्या. संध्याकाळच्या औषधाची वेळ झाली होती, पण बाटली बाहेरच्या खोलीतल्या कपाटात, नेमकी पाहुण्यांसमोर होती.

"घरात फिटचं दुखणं आहे हे कळलं, तर सोयरीक होईल का?" आई स्वयंपाकघरात कुजबुजली. "उद्या सकाळी दुप्पट देऊ."

"दुप्पट द्यायचं नाही आणि चुकवायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय, वहिनी." चहाचा ट्रे आईच्या हातात देऊन आत्या मला घेऊन बाहेर गेली. तिनं बाटली काढली, मापात औषध ओतलं आणि मला पाजलं.

"कसलं औषध?" मुलाच्या आईनं विचारलं.

"फिटचं. माझ्या भाचीला येतात."

मी लाजेनं आत्याच्या पदरात तोंड खुपसलं. पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला.

पुढे डॉक्टरांनी माझं औषध हळूहळू कमी करत बंद केलं. फिट पुन्हा आली नाही. आत्याचं लग्न झालंच नाही, ती शाळेत शिकवत राहिली. आई शेवटपर्यंत तिच्याआधी कधी जेवायला बसली नाही.