चार अंश

ओव्हनची घंटी टिंग वाजली, तशी वेल्डा गरम कॉर्नब्रेड घेऊन गॅरेजात गेली. सोमवारी चाकांवरचं घर मागे जोडून तिघांना टेक्सासला जायचं होतं, म्हणून तिचा नवरा रॉयस ट्रकच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा नवा दांडा, कॅमशाफ्ट, घालत होता.

"चार अंश आधी धर हं," ती म्हणाली. " व्हॉल्व्ह लवकर उघडले तरच ट्रक घर ओढेल. उशिरा उघडले तर मागे घर नसताना, रिकामाच काय तो सुसाट पळेल."

"कळलं गं, मेकॅनिक उस्तादांची लेक! बसवलासुद्धा." तो हसला, पण त्यानं वर पाहिलं नाही.

तिनं मापाच्या चकतीवरचा काटा पाहिला. चार अंश उशिरा. चुकलं म्हणावं, तर रॉयसचं माप आजवर कधी चुकलं नव्हतं.



दारातून छोट्या ट्रिनानं विचारलं, "आई, ट्रकमध्ये खिडकीशी मी बसू ना?"