टाक्यांचा दोरा

मंगळवारी दुपारी इंडोनेशियातल्या बोगोरच्या आमच्या रुग्णालयात तातडीच्या विभागात दोन मुले आली, दोन वैरी तंत्रशाळांची. गालिहच्या भुवईवर पट्ट्याचे बकल बसले होते. एक सेंटिमीटर खाली बसते तर डोळा गेला असता. पडद्यापलीकडे दादानचे मनगट फाटले होते. कोणी मारले, हे दोघेही सांगेनात.

"नावं नका सांगू," टाके घालता घालता मी म्हटले. "पुढची मारामारी कधी, तेवढं सांगा. दोरा संपत आलाय, आधीच मागवून ठेवते."

गालिहला माझी अडचण पटली. "शुक्रवारी चारला, डॉक्टरबाई. उड्डाणपुलाखाली."

"साडेचारला रे, माठ्या!" पलीकडून दादान ओरडला. "चारपर्यंत आमचं प्रात्यक्षिक असतं."

"साडेचार," मी लिहून घेतले. आमच्या केसपेपरवर आईचा फोन नंबर असतोच, आणि अशा मारामाऱ्यांचे या वर्षातले त्रेचाळीस केसपेपर माझ्या कपाटात होते. रात्रीचे जेवण होईपर्यंत मी सगळ्या आयांना फोन केले.

शुक्रवारी साडेचारला दोन्ही शाळांची मुले हाताला पट्टे गुंडाळून पुलाखाली धावत आली आणि जागच्या जागी थांबली. चटया अंथरलेल्या होत्या. मधोमध केळीच्या पानांची लांबच लांब रांग होती आणि तिच्यावर वाफाळता भात, सुकी मासळी, मिरचीचा ठेचा.

 

"पट्टे कमरेला लावा आणि बसा," गालिहची आई डाव उचलून म्हणाली, "एक आपला, एक त्यांचा, असं."