पाठवणाऱ्याचं नातं

"काका, खोक्यावर मराठीत कशाला लिहिलंत? इथे कोण वाचणार?" शनिवारी पार्सलचा फोटो बघून मी फोनवर विचारलं.

"'औषधं आहेत, आपटू नका,' एवढंच तर लिहिलंय. आपटणाऱ्याला सगळ्या भाषा कळतात गं," ते हसले.

मी शाळेत असताना आईने त्यांच्याशी लग्न केलं, तेव्हापासून मी त्यांना काकाच म्हणत आले. माझ्या फिटच्या गोळ्या या देशात मिळत नाहीत. त्या न चुकता तेच पाठवायचे.

रविवारी सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत.

पार्सल कस्टमने अडवलं. मी काउंटरपाशी उभी राहिले तेव्हा पर्समध्ये शेवटची गोळी होती आणि हात थरथरत होते. ही नुसती भीती की फिटची सुरुवात, मला कळेना.

"हे काय लिहिलंय?" अधिकाऱ्याने खोकं फिरवत विचारलं.

"औषधं आहेत, आपटू नका."

तो हसला नाही. "आई-वडील, नवरा किंवा मुलं यांनी पाठवलेलीच औषधं आम्ही सोडतो. बाकीची नष्ट करतो. तुमची दोघांची आडनावं वेगळी आहेत. हे गृहस्थ तुमचे कोण?"

'काका' म्हटलं तर गोळ्या गेल्या, आणि खोटं बोलताना पकडली गेले तर मीही गेले.



"बाबा," मी म्हणाले. "माझे बाबा आहेत ते."