मधातल्या ओळी

कॉम्प्युटरला आज्ञा देणारी स्क्रिप्ट, अवघी चार ओळींची. फाइल उघडायची, कोरी ओळ आली की ओलांडायची, भरलेल्या ओळीला नंबर द्यायचा. पुण्यात दिवसभर हेच काम करणाऱ्या सुरभीला त्यात काय जड! पण आज ती दोनदा चुकली. उद्या बाबांची तेरवी होती.

पुंडलिकरावांनी आर्वीच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून अख्खा जन्म काढला. निवृत्त झाल्यावर लेकीनं त्यांना आपला जुना लॅपटॉप दिला. चार वर्षं भल्या माणसानं त्यात एकच फाइल लिहिली, तीही लेकीच्या फोनची. ‘सुरभीचा फोन. खोकला आहे.’ ‘स्वतः वांग्याची भाजी केली म्हणे. खारट झाली.’ ‘आज घाईत होती, पण हसली.’ या ओळी छापून उद्या सगळ्यांना वाटायच्या, असं तिनं ठरवलं होतं. बाबा गेले तेव्हा ती पोचली नव्हती. निदान फोन तरी करत होते, एवढाच काय तो तिला आधार.

“आई, दोनशे सहा!” ती म्हणाली. “दोनशे सहा खेपा बोलली मी बाबासंग.”

आनंदाबाई शेजारी येऊन बसल्या. मूळ फाइल अजून उघडीच होती. स्क्रीनकडे बघत त्यांनी विचारलं, “अन् मधातल्या?”

“त्या कोऱ्या हायेत. बाबाले उगाच एंटर दाबायची खोड होती. मी गाळल्या.”

“खोड नाई व बाई.” आनंदाबाईंनी एका कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “डेपोत गाडी आली नाई, तरी वहीत तिची ओळ सोडा लागे. तसंच करत. रोज आठले फोन करीन, असं तुनंच म्हनलं होतं ना? आठले फोन घेऊन बसत, नऊपर्यंत वाट पाहत. नाई आला, तं एक एंटर दाबून उठत.”

सुरभीनं कोऱ्या ओळी गाळायची अट काढून टाकली आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. आकडे पळत सुटले. चौदाशे एकसष्टवर थांबले. तिला हुंदका आवरेना.

“मले काऊन नाई सांगतलं, आई? एकदा तरी रागवायचं होतं ना त्याईनं!”

“मी म्हनो, आता पुरे, नाई येत तिचा फोन. तं माह्यावरच चिडत.” आनंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “म्हनत, गाडी लेट हाय, रद्द नाई.”